भांडी धुणारे यंत्र

(भांडी धुणे हे प्रत्येक घरात रोज करावे लागणारे काम आहे. आता हे काम करणारे यंत्रही मिळते. ते यंत्र कसे चालते, कसे वापरावे आणि त्याची निगा कशी राखावी, याची माहिती या पाठात दिली आहे. यंत्राचे काम कोठे संपते आणि माणसाचे कोठे सुरू होते, याकडे पाठ वाचताना लक्ष द्या.)

जेवण झाले की आपण हात धुतो आणि आपल्या कामाला लागतो. पण जेवणाचे काम तेवढ्यावर संपत नाही. दस्तरखानावरची ताटे, वाट्या, पेले आणि चमचे, शिवाय स्वयंपाकाची पातेली, कढई, परात आणि कुकर असा मोठा ढीग मोरीत जमा होतो. कोणीतरी ही भांडी घासते, विसळते, पुसते आणि जागेवर लावते. बहुतेक घरांत हे 'कोणीतरी' म्हणजे आई, बहीण, वहिनी किंवा आजी असते. काही घरांत मोलाने काम करणाऱ्या मावशी येतात. आज एकदा तुम्ही आपल्या घरातली दोन्ही वेळची भांडी मोजून पाहा. ईदच्या दिवशी पाहुणे येतात, तेव्हा ती किती होत असतील याचाही अंदाज करा. मग हे काम किती मोठे आहे ते ध्यानात येईल.

हे काम यंत्राकडून करून घ्यावे, ही कल्पना जुनी आहे. उपयोगी पडेल असे यंत्र बनवण्याचे श्रेय जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईंना दिले जाते. त्या इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल या गावी राहत. १८८३ मध्ये त्यांचे पती वारले आणि मागे कर्ज राहिले. बाई डगमगल्या नाहीत. त्यांनी ताटे, बशा आणि पेले यांची मापे घेतली. त्या मापांचे तारेचे खण तयार केले. भांडी या खणांत उभी करायची आणि त्यांच्यावर साबणाच्या गरम पाण्याचा जोरदार मारा करायचा, अशी त्यांची युक्ती होती. एका मेकॅनिकच्या मदतीने त्यांनी हे यंत्र उभे केले. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना त्याचे पेटंट मिळाले. १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडले गेले. सुरुवातीला ते मुख्यतः हॉटेलांनी घेतले. घरोघरी जाण्यास त्याला पुढे बरीच वर्षे लागली, कारण त्या काळी घरांत एवढे गरम पाणीच मिळत नसे.

आपल्या देशात हे यंत्र बरीच वर्षे क्वचितच दिसे. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी झाली. घरकामाला येणाऱ्या मावशींना येता येईना. तेव्हा मोठ्या शहरांतील अनेक कुटुंबांनी हे यंत्र विकत घेतले. इंग्रजीत त्याला डिशवॉशर म्हणतात आणि बाजारातही हेच नाव चालते.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हे यंत्र नसेल. ते महाग असते. त्याला जागा लागते, वीज लागते आणि नळाला पुरेसे पाणी लागते. मग त्याची माहिती तुम्ही का वाचावी? याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, पाणी, उष्णता, साबण आणि क्षार यांचे जे नियम या यंत्रात चालतात, तेच तुमच्या घरच्या मोरीतही चालतात. दुसरे कारण असे की, यंत्र विकत आणणे वेगळे आणि यंत्राकडून काम करून घेणे वेगळे. हा फरक या यंत्रावरून चांगला समजतो.

आता यंत्राची रचना पाहू. बाहेरून ते एका चौकोनी कपाटासारखे दिसते. त्याचे दार वरून खाली उघडते. आत स्टीलची पेटी असते. तिच्यात तारेचे दोन रॅक असतात, एक खाली आणि एक वर. प्रत्येक रॅकच्या खाली एक फिरती नळी असते. तिच्यावर बारीक छिद्रे असतात. पंप चालू झाला की पाणी या छिद्रांतून जोराने वर उडते. काही छिद्रे तिरपी असल्यामुळे पाणी एका बाजूला उडते आणि नळी उलट दिशेला ढकलली जाते. म्हणून ती गरगर फिरू लागते. तिला फिरवण्यासाठी वेगळी मोटर नसते. क्रिया आणि प्रतिक्रिया यांचा न्यूटनचा नियम तुम्ही विज्ञानात शिकला असाल. त्याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

पेटीच्या तळाशी एक गाळणी असते. यंत्र एका वेळी थोडेच पाणी घेते. तेच पाणी गाळणीतून गाळून पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारले जाते. नंतर ते मळलेले पाणी बाहेर सोडून यंत्र नवे पाणी घेते. असे काही वेळा होते. त्यामुळे दहा-बारा माणसांची ताटे, वाट्या आणि पेले धुण्यास बहुतेक नव्या यंत्रांना एकूण १० ते १५ लीटर पाणी पुरते. आता एक प्रयोग करा. घरचा नळ एक मिनिट सोडा आणि पाणी बादलीत धरा. समजा, ते ६ लीटर भरले. तर नळ सतत चालू ठेवून १५ मिनिटे भांडी विसळली, की ९० लीटर पाणी जाते. अर्थात, दोन टोपल्यांत पाणी घेऊन जी माणसे भांडी विसळतात, त्यांनाही थोडेच पाणी पुरते. पाणी वाया जाते ते उघड्या नळामुळे. हे लक्षात ठेवले तर यंत्र नसतानाही पाणी वाचवता येते.

हाताने भांडी घासताना आपण घासणीने चोळतो. यंत्रात चोळणारा हात नसतो. ही उणीव चार गोष्टींनी भरून निघते. त्या गोष्टी म्हणजे पाण्याचा मारा, उष्णता, रसायन आणि वेळ. या चारांपैकी एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. यंत्रावर 'इको' नावाचे बटण असते. ते दाबले की पाणी सुमारे ५० अंश सेल्सिअसपर्यंतच तापते, पण काम संपण्यास तीन-चार तास लागतात. एवढा वेळ लागतो म्हणून वीजही फार जळत असेल, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. या यंत्रात सर्वांत जास्त वीज पाणी तापवण्यास लागते. पाणी कमी तापवले म्हणून वीज वाचते आणि त्याची भरपाई वेळाने होते. फार तेलकट किंवा करपलेली भांडी असतील, तर सुमारे ७० अंशांचे बटण वापरतात. एवढे गरम पाणी आपल्या हाताला सोसणार नाही.

पाण्याचा मारा भांड्यांवर नीट बसावा, यासाठी भांडी लावण्याची रीत आहे. प्रथम ताटातले उष्टे, हाडे, लिंबाच्या फोडी आणि मिरच्यांची देठे काढून टाका. भांडी आधी धुऊन घेण्याची मात्र गरज नाही. तसे केले तर पाणी दोनदा खर्च होते. जड आणि जास्त मळलेली भांडी खालच्या रॅकमध्ये ठेवा, कारण तेथे पाण्याचा जोर अधिक असतो. पातेली पालथी ठेवा. ताटे उभी ठेवा आणि त्यांची मळलेली बाजू मधल्या बाजूला वळवा. पेले, कप आणि हलकी भांडी वरच्या रॅकमध्ये पालथी ठेवा. वाट्या थोड्या तिरप्या ठेवा, म्हणजे त्यांच्या बुडाच्या खोलगट भागात पाणी साचणार नाही. वाटीत वाटी घालून ठेवली तर आतली वाटी जशीच्या तशी मळकी निघते. जेथे पाणी पोहोचत नाही, तेथे सफाई होत नाही. सुऱ्यांची टोके खाली करा, नाहीतर भांडी काढताना हाताला लागतील.

सर्व भांडी लावून झाली की दोन्ही फिरत्या नळ्या हाताने एकदा फिरवून पाहा. एखादा उंच डाव किंवा परातीचा काठ आडवा आला, तर नळी अडकते आणि अर्धी भांडी कोरडीच राहतात. हे पाहण्यास फार तर अर्धे मिनिट लागते. त्या अर्ध्या मिनिटाकडे कानाडोळा केला, तर पुढच्या तीन तासांवर पाणी फिरते.

आता रसायनाकडे वळू. मराठीतला 'साबण' आणि उर्दूतला 'साबुन' हे एकाच घराण्यातले शब्द आहेत. पण या यंत्रात नेहमीचा साबण चालत नाही. भांडी घासण्याचा द्रव साबण त्यात घातला, तर पेटी फेसाने भरून जाते. पंपात पाण्याबरोबर हवा शिरते, पाण्याचा जोर मरतो आणि फेस दारातून बाहेर येतो. म्हणून या यंत्रासाठी फेस न करणारी खास पावडर किंवा वडी मिळते. तिच्यात सोड्यासारखे अल्कली पदार्थ असतात. ते तेल-तूप सोडवतात. तिच्यात विकरेही असतात. एक विकर भात आणि बटाटा यांतील स्टार्चचे तुकडे करते. अशाच प्रकारचे विकर आपल्या लाळेत असते. दुसरे विकर दूध, अंडी, डाळ आणि मांस यांतील प्रथिने तोडते. अशा प्रकारची विकरे आपल्या पोटात असतात. म्हणजे आपण जेवताना जे अन्न पचवतो, त्याचाच ताटाला चिकटलेला अंश हे यंत्र एका अर्थाने पचवते. हळदीचा डाग मात्र चिवट असतो. प्लॅस्टिकच्या डब्यावर तो बसला, तर यंत्रातूनही पूर्ण निघत नाही. डबा काही वेळ उन्हात ठेवला की तो फिका पडतो.

या यंत्रात मीठही घालावे लागते. याचे अनेकांना नवल वाटते. मीठ भांड्यांसाठी नसते, पाण्यासाठी असते. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड असते. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही. ते तापवले की भांड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो. तुमच्या घरच्या पाणी तापवण्याच्या पातेल्यात तो दिसतो का, पाहा. असाच थर यंत्राच्या आतही बसू लागतो. पाणी तापवणाऱ्या भागावर तो साचला, तर वीज जास्त लागते. फिरत्या नळीची छिद्रे बुजतात. पेले धुरकट दिसू लागतात.

हे टाळण्यासाठी यंत्रात राळेच्या बारीक मण्यांचा एक डबा असतो. पाणी त्यातून जाताना मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम पाण्यात सोडतात. काही दिवसांनी मण्यांची ही शक्ती संपते. तेव्हा यंत्र त्यांच्यावरून मिठाचे पाणी सोडते. साचलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वाहून जाते आणि मणी पुन्हा कामाला तयार होतात. हे खारे पाणी गटारात जाते, म्हणून भांडी खारट होत नाहीत. यासाठी जाड दाण्याचे शुद्ध मीठच वापरावे. आपल्या स्वयंपाकातले मीठ बारीक असते. त्यात आयोडीन असते आणि ते मोकळे राहावे म्हणून दुसरे पदार्थही मिसळलेले असतात. ते येथे चालत नाही. मीठ भरताना थोडे खारे पाणी पेटीत सांडते. ते तसेच राहिले तर स्टीलवर गंजाचे ठिपके पडतात. म्हणून मीठ भरल्यावर लगेच यंत्र चालू करावे. मिठाच्या डब्यात चुकूनही धुण्याची पावडर घालू नये. तसे झाले तर पाणी मऊ करणारा भाग कायमचा बिघडू शकतो.

शेवटच्या विसळणीच्या वेळी यंत्र एका द्रवाचे काही थेंब पाण्यात सोडते. या द्रवाला 'रिन्स एड' म्हणतात. त्यामुळे पाण्याचे थेंब भांड्यावर थांबत नाहीत, पातळ पडद्यासारखे ओघळून जातात. थेंब जागेवर वाळला की डाग राहतो. थेंबच उरला नाही, तर डागही राहत नाही. नंतर गरम भांडी स्वतःच्या उष्णतेने वाळतात. स्टील आणि चिनी माती बराच वेळ गरम राहतात, म्हणून ती कोरडी होतात. प्लॅस्टिकचे डबे लवकर थंड होतात, म्हणून ते ओले निघतात. हा यंत्राचा दोष नाही.

आपल्या स्वयंपाकघरातली सगळीच भांडी या यंत्रासाठी नाहीत. तांब्या-पितळेची भांडी आणि कल्हई केलेली देगची त्यात घालू नये. तीव्र रसायनाने तांब्या-पितळेचा रंग जातो आणि कल्हई खराब होते. साधे ॲल्युमिनियम काळपट पडते, कारण अल्कली त्याच्यावर परिणाम करते. लोखंडी तव्यावर तेल मुरून जो गुळगुळीत थर तयार झालेला असतो, तो धुऊन जातो आणि तवा गंजतो. लाकडी पोळपाट, लाटणे आणि डाव पाण्याने फुगतात, मग त्यांना चिरा पडतात. सोनेरी काठाच्या बशांची नक्षी हळूहळू पुसट होते. कुकरच्या झाकणाची रबरी कडी आणि शिट्टी काढून हातानेच धुवावी. शिट्टीच्या छिद्रात अन्नाचा कण अडकला, तर कुकर धोकादायक होतो. म्हणून ते छिद्र डोळ्यांनी पाहून साफ केलेले बरे. आजीने सांभाळलेली देगची आणि आईचा जुना तवा अजूनही माणसाच्याच हातात सुरक्षित असतात.

इतरांना साफ करणारे हे यंत्र स्वतः मात्र आपोआप साफ राहत नाही. त्याची देखभाल आपल्यालाच करावी लागते. सर्वांत महत्त्वाची गाळणी. आठवड्यातून एकदा ती फिरवून काढावी, नळाखाली धरावी आणि मऊ ब्रशने साफ करावी. तिच्यात भाताची शिते, मसाल्याचा गाळ आणि तेल साचते. ते काढले नाही, तर तेच मळके पाणी पुन्हा भांड्यांवर फिरते आणि यंत्राला वास येतो. गाळणी परत बसवताना ती घट्ट बसली आहे ना, हे पाहावे. ती सैल राहिली, तर हाडाचा तुकडा किंवा काच पंपात जाऊन तो अडकू शकतो.

महिन्यातून एकदा फिरत्या नळ्या काढून त्यांची छिद्रे पाहावीत. ती बुजली असतील, तर लाकडी काडीने मोकळी करावी. दाराभोवतीची रबरी पट्टी ओल्या फडक्याने पुसावी. पाणी बाहेर नेणारी नळी कोठे दुमडली नाही ना, तेही पाहावे. जड पाण्याच्या गावात काही महिन्यांनी यंत्र रिकामे ठेवून, क्षार काढणारे खास औषध घालून गरम पाण्यावर चालवावे. काम झाल्यावर दार थोडे किलकिले ठेवले, तर आत ओल राहत नाही आणि कुबट वास येत नाही.

यंत्र बोलत नाही, पण भांडी पाहिली की त्याला काय हवे ते कळते. पेल्यांवर पांढरी पावडर दिसली, तर मीठ संपले आहे असे समजावे. थेंबांचे डाग दिसले, तर रिन्स एड संपला असेल. भांड्यांवर मसाल्याचे कण परत बसले असतील, तर गाळणी पाहावी. फक्त एका रॅकमधलीच भांडी मळकी निघाली, तर तिथली फिरती नळी अडकली असेल. धुण्याची वडी न विरघळता तशीच राहिली, तर एखादे ताट वडीच्या झाकणापुढे आडवे आले असेल. कारीगर बोलावण्याआधी या पाच गोष्टी पाहिल्या, तर पुष्कळ वेळा त्याला बोलावण्याची गरजच पडत नाही.

आता सुरक्षिततेविषयी. धुण्याची वडी रंगीत आणि चकचकीत असते. लहान मुलांना ती मिठाईसारखी वाटू शकते. पण ती अत्यंत तीव्र असते. तोंड, घसा आणि डोळे यांना तिच्यामुळे गंभीर इजा होते. म्हणून तिचा डबा घट्ट बंद करून उंच जागी ठेवावा. ओल्या हाताने तिला हात लावू नये. एखाद्या लहान मुलाने ती तोंडात घातली, तर तोंडातले तुकडे काढावेत, तोंड पाण्याने धुवावे आणि त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. उलटी काढायचा प्रयत्न करू नये, कारण उलटी होताना घशाला पुन्हा इजा होते. यंत्र चालू असताना दार उघडू नये, गरम वाफ अंगावर येते. उघड्या दारावर लहान मुलांना बसू किंवा उभे राहू देऊ नये, यंत्र पुढे कलंडू शकते. यंत्राला तीन पिनांचे, अर्थिंग असलेलेच सॉकेट हवे. आतील विजेच्या भागांना आपण हात लावू नये, ते काम कारीगराचे आहे.

काम संपल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबावे. गरम चिनी माती आणि काच लवकर तडकतात, म्हणून त्यांना थोडे निवू द्यावे. मग आधी खालचा रॅक रिकामा करावा आणि नंतर वरचा. वरच्या कपांच्या बुडाशी थोडे पाणी राहिलेले असते. आधी वरचा रॅक ओढला, तर ते पाणी खालच्या कोरड्या ताटांवर सांडते.

आतापर्यंत जे वाचले, ते एकदा आठवा. उष्टे कोणी काढायचे? भांडी कोणी लावायची? नळी फिरवून कोणी पाहायची? मीठ कोणी भरायचे, गाळणी कोणी धुवायची आणि कोरडी भांडी फळीवर कोणी मांडायची? ही सगळी कामे माणसाचीच आहेत. यंत्राने चोळण्याचे कष्ट वाचवले, पण लक्ष देण्याचे काम माणसाकडेच ठेवले. घरात यंत्र आले आणि ही सारी कामे पुन्हा एकट्या आईकडेच राहिली, तर तिचे हात थोडे सुटले, पण ती मोकळी झाली नाही.

ज्या घरात यंत्र नाही, तेथेही हाच विचार लागू पडतो. आपले ताट आपण उचलावे. उष्टे काढून ते भिजत ठेवावे, म्हणजे घासणाऱ्याचे कष्ट निम्मे होतात. मुलगा असो की मुलगी, रोजच्या भांड्यांना प्रत्येकाने हातभार लावावा. या कामात कमीपणा नाही. एका बाईने या कामाकडे नीट पाहिले, भांड्यांची मापे घेतली आणि त्यातून एक यंत्र जन्माला आले. आज रात्री मोरीतली भांडी पाहाल, तेव्हा तुम्हीही त्यांच्याकडे थोडे नीट पाहा. मग बाह्या वर करा आणि कामाला लागा.

शब्दार्थ
निगा – देखभाल, काळजी
मोलाने – पैसे घेऊन
डगमगणे – धीर सोडणे
युक्ती – तोड, कल्पना
उणीव – कमतरता
विसळणे – पाण्यातून काढून स्वच्छ करणे
पालथे – तोंड खाली केलेले
जड (दुष्फेन) पाणी – ज्यात साबणाला फेस येत नाही असे पाणी
विकर – अन्नाचे लहान भाग करणारा पदार्थ
चिवट – सहज न निघणारा
किलकिले – थोडेसे उघडे
कुबट – ओलसर जागेला येतो तसा
कानाडोळा करणे – दुर्लक्ष करणे
पाणी फिरणे – केलेले काम वाया जाणे
हातभार लावणे – मदत करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जोसेफिन कॉक्रेन यांना पेटंट कधी मिळाले?
(आ) फिरती नळी कशामुळे फिरते?
(इ) या यंत्रात सर्वांत जास्त वीज कशासाठी लागते?
(ई) प्लॅस्टिकचे डबे ओले का निघतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) यंत्रात नेहमीचा द्रव साबण वापरू नये.
(आ) मीठ भरल्यावर लगेच यंत्र चालू करावे.
(इ) लोखंडी तवा यंत्रात घालू नये.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जड पाण्यामुळे यंत्राचे कोणते नुकसान होते? ते कसे टाळतात?
(आ) 'तिचे हात थोडे सुटले, पण ती मोकळी झाली नाही', असे लेखात का म्हटले आहे?

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा.
कानाडोळा करणे, पाणी फिरणे, हातभार लावणे.

प्र. ५. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरले जातात. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.

उपक्रम : एक आठवडा घरात रोज किती भांडी धुतली जातात आणि ती कोण धुते, याची नोंद वहीत करा. आठवड्याच्या शेवटी ही नोंद घरातल्या सर्वांना वाचून दाखवा आणि कामाची वाटणी ठरवा.